ब्रिगेडला वंशावळ नसते

२६ जुलै २०२५ ला द्रासमध्ये लष्करप्रमुखांनी ‘रुद्र’ ब्रिगेडची घोषणा केली, तेव्हापासून आपल्याकडे एक तक्रार ऐकू येते. पायदळाच्या ब्रिगेडमध्येच रणगाडे, तोफखाना आणि ड्रोन आणून आपण परंपरा मोडतो आहोत, आणि ज्या ब्रिटिशांकडून ही रचना घेतली त्यांनी मात्र ती जशीच्या तशी जपली, अशी ही तक्रार. ती ऐकली की मला राग येतो. मी राहतो त्या कोरियात, १९५०-५१ च्या कोरियन युद्धात, एका ब्रिटिश ब्रिगेडने सगळ्यात खडतर आठ महिने काढले, आणि त्या आठ महिन्यांची साक्ष नेमकी उलट आहे.

ऑगस्ट १९५० मध्ये २७वी इन्फन्ट्री ब्रिगेड हाँगकाँगला होती. उत्तर कोरियाच्या हल्ल्याने दक्षिणेच्या पुसान बंदराभोवती अमेरिकन आणि दक्षिण कोरियाई फौजा समुद्राकडे रेटल्या गेल्या होत्या, म्हणून तिला घाईने हलवलं. ‘युनिकॉर्न’ आणि ‘सिलोन’ या युद्धनौकांतून ती २९ ऑगस्टला पुसानला उतरली. ब्रिगेडियर होते बेसिल कोड. ब्रिगेड म्हणजे तीन पलटणी (बटालियन), पण हिच्यात दोनच होत्या, मिडलसेक्स आणि आर्गाइल. सक्तीच्या भरतीतल्या एकोणीस वर्षांखालच्या पोरांना लढाईत न्यायचं नाही असा नियम होता. त्यांना मागे ठेवून दुसऱ्या पलटणींतून माणसं उसनी घेतली आणि जागा भरल्या.

तिसरी पलटण का लागते हे नकाशावर कळत नाही. दोन पलटणी पुढे असतात, एक मागे राखीव. फळी फुटली तर भोक बुजवायला, रात्री थकलेल्यांना बदली द्यायला, माघार घेताना पाठ राखायला हीच राखीव पलटण लागते. कोड यांच्याकडे दोन्ही पलटणी पुढे आणि मागे काहीच नाही, अशी अवस्था होती. स्वतःच्या तोफा नव्हत्या, रणगाडे नव्हते, गाड्याही अपुऱ्या. मागावं ते सगळं अमेरिकनांकडून. त्यातही ब्रिटिश रायफलची .३०३ ची गोळी अमेरिकन रायफलला चालत नाही आणि त्यांची हिला चालत नाही, म्हणजे शेजारच्या डेपोत गोळ्यांचे ढीग असूनही उपयोग शून्य.

याची किंमत २३ सप्टेंबर १९५० ला चुकवावी लागली. सोंग्जूजवळची टेकडी २८२ आर्गाइलच्या दोन कंपन्यांनी सकाळी घेतली. शेजारची त्याहून उंच टेकडी ३८८ शत्रूकडे होती आणि तिथून मारा सुरू झाला. मदतीला दिलेला अमेरिकन तोफखाना ऐनवेळी दुसऱ्या कामाला काढून नेला गेला होता. खालच्या रणगाड्यांना जमिनीच्या उठावामुळे नेम साधता येईना. मग उरली विमानं. आर्गाइलनी ओळखीचे पांढरे पट्टे जमिनीवर पसरले, तसेच पट्टे शत्रूनेही पसरले होते. अमेरिकन बाजूच्या मस्टँग विमानांनी नापाम, म्हणजे आगीचा बॉम्ब, टाकला तो आर्गाइलवरच. मेजर केनेथ म्युअर उरलेले सुमारे तीस जण गोळा करून पुन्हा माथ्यावर गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. मी ही घटना शौर्यकथा म्हणून सांगत नाही. तोफखाना ब्रिगेडच्या स्वतःच्या हुकमाखाली असता तर तो असा काढून नेता आला नसता, मुद्दा एवढाच आहे.

पुढे ब्रिगेडला एकेक अवयव जोडला गेला. सप्टेंबरअखेरीस ऑस्ट्रेलियाची पलटण आली आणि नावात ‘कॉमनवेल्थ’ शब्द घातला गेला. डिसेंबरमध्ये भारताची ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स (रणांगणावरचं फिरतं इस्पितळ), जानेवारीत न्यूझीलंडची १६वी फील्ड रेजिमेंट पंचवीस पौंडी तोफांसह, फेब्रुवारीत कॅनडाची पलटण. २३ ते २५ एप्रिल १९५१ ला गाप्योंगच्या खोऱ्यात हीच ब्रिगेड, तोवर युद्धात उतरलेल्या चीनच्या डिव्हिजनसमोर, म्हणजे ब्रिगेडहून मोठ्या फौजेसमोर, उभी राहिली. ऑस्ट्रेलियन टेकडी ५०४ वर, कॅनडियन टेकडी ६७७ वर, मध्ये खोरं, आणि दोघांना एकत्र बांधणाऱ्या होत्या त्या न्यूझीलंडच्या तोफा. वेढलेल्या कॅनडियनांनी स्वतःच्या खंदकांवरच तोफगोळे मागितले आणि तगले. तोफखान्याचे निरीक्षक कंपन्यांबरोबर बसलेले असल्याशिवाय असा मारा मागताच येत नाही. आठ महिन्यांपूर्वी हीच ब्रिगेड हे करू शकली नसती.

आणि त्या लढाईनंतर लगेच काय झालं? २७ हा आकडा पुसला गेला. दुसरं मुख्यालय आलं आणि ब्रिगेड २८वी झाली. जुलैत ती पहिल्या कॉमनवेल्थ डिव्हिजनमध्ये गेली. कोणी परंपरा बुडाल्याची तक्रार केली नाही, कारण ब्रिगेड हे अवजार आहे. इज्जत असते ती पलटणीची. तीही ब्रिटिशांनी फार जपली म्हणावं तर मिडलसेक्स १९६६ च्या अखेरीस दुसऱ्या रेजिमेंटमध्ये विलीन झाली, आणि आर्गाइल आज स्कॉटलंडच्या एकत्रित रेजिमेंटमध्ये एका कंपनीपुरते उरले आहेत. उलट १७६८ पासूनची आपली मराठा लाइट इन्फन्ट्री बेळगावात नाव आणि घोषणेसह उभी आहे. ‘रुद्र’मुळे तिचं काहीही पुसलं जात नाही.

सोलच्या योंगसान स्थानकातून आयटीएक्स रेल्वे पकडली की तासाभरात गाप्योंग. डब्यातले बहुतेक जण नामी बेटाकडे किंवा जात-माक्कोल्ली, म्हणजे पाइनच्या बिया घातलेली तांदळाची दारू, प्यायला निघालेले असतात. पण अठरा महिने लष्करात काढलेल्या इथल्या तरुणाला ब्रिगेड आणि पलटण यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे ज्यांनी दोन्ही पाहिलेलं नाही ते सगळ्यात ठाम बोलतात, हे मला सलतं.

खरं सांगायचं तर सल फक्त तेवढाच नाही. भारतात बोललो की ‘बाहेर बसून शहाणपण’ हे उत्तर ठरलेलं. आणि इथे गाप्योंगच्या ब्रिगेडचा उल्लेख निघाला की बहुतेक वेळा ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड अशी चारच नावं घेतली जातात, आणि पाचवं मीच मनात घेतो. त्या पाचव्या देशाच्या लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांना डिसेंबर १९५० मध्ये उत्तर कोरियातलं प्योंगयांग सोडून माघार घेताना वाहनंच मिळाली नव्हती. शस्त्रक्रियेचं सामान टाकून निघायचा पर्याय होता. त्यांच्या जवानांनी एक जुनं वाफेचं इंजिन शोधलं, हातोहात बादल्यांनी बॉयलर भरला, डबे जोडले आणि पूल उडवले जाण्याआधी सामानासह दक्षिणेला आले. मार्च १९५१ मध्ये त्यांच्यातले बारा जण अमेरिकन छत्रीधाऱ्यांबरोबर मुन्सानला उतरले. १९५३ मध्ये युद्धकैद्यांसाठी भारतीय दल आलं, त्याचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात.

२७वी आता नाही. ६० पॅरा मात्र आजही आग्र्याला आहे, तोच आकडा घेऊन, ५० पॅराशूट ब्रिगेडबरोबर. तोफखाना, इंजिनियर आणि इस्पितळ सोबत घेऊन फिरणारी ही ब्रिगेड आपल्याकडे १९४१ पासून आहे.