पंच म्हणून सही: गॅसवाला

दुपारपासून माझ्या खिशात आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स आहेत आणि डोक्यात एक उखाणा. दोन्हींचं काय करायचं ते मला कळत नाहीये.

मला जुन्या रेडिओवरच्या गुन्हेकथांचा नाद आहे. खऱ्या घडलेल्या, पोलिसांच्या दप्तरातून उचललेल्या. त्यातही अमेरिकेतल्या 'गँगबस्टर्स'चा. बायको म्हणते, या वयात लोक हरिपाठ ऐकतात. पण रात्री दोनला झोप उडाली की हरिपाठापेक्षा बँकेवरचा दरोडा जास्त आधार देतो, हे तिला कसं सांगू?

ही मालिका १९३५ साली 'जी-मेन' या नावाने सुरू झाली. पहिलाच भाग जॉन डिलिंजर या दरोडेखोरावर. पुढच्या वर्षी तिचं 'गँगबस्टर्स' झालं आणि १९५७ पर्यंत ती चालली. सुरुवातीला शिट्ट्या, सायरन, मशीनगन असा काही दणका उडायचा, की आपल्याकडची गणपतीची मिरवणूकही लाजावी. शेवटी खऱ्या फरारी गुन्हेगारांची वर्णनं वाचून दाखवायचे. इतक्या वर्षांची मालिका, आणि आज ऐकायला मिळणारे भाग त्या मानाने अगदी थोडे. कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचा. ध्वनिमुद्रण झालंच तर सोळा इंची तबकड्यांवर, एका बाजूला जेमतेम पंधरा मिनिटं. तबकडी ॲल्युमिनियमची, वर लाखेसारखा लेप. महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांना लागलं, मग तबकड्या काचेच्या आल्या. म्हणजे सगळ्या देशाचे खून-दरोडे काचेवर! आमच्याकडे काचेची लोणच्याची बरणी दोन पावसाळे टिकत नाही.

तर असाच एक हरवलेला भाग सांगलीत, गावभागात, एका काकांकडे आहे असं कळलं. काकांचा मुलगा न्यू जर्सीला. त्याने तिथल्या कुणाच्या गॅरेजमधल्या जुन्या बाजारातून कॅसेटी घेऊन वडिलांना पाठवल्या होत्या. एकीवर बॉलपेनने लिहिलंय: गँगबस्टर्स, १९३८. मला वाटलं, अर्धा किलो भडंग घेऊन जावं, कॅसेट आणावी, विषय संपला.

काका सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त फक्त कागदावर. त्यांनी भडंग आत पाठवला आणि शाळेची दोनशे पानी वही उघडली.

"नाव?"

सांगितलं.

"कॅसेट कशासाठी हवी?"

"ऐकायला."

"ऐकून पुढे?"

"पुढे... काही नाही."

त्यांनी लिहिलं, 'उद्देश: निश्चित सांगता येत नाही.' मी उलटीकडून वाचलं.

"यापूर्वी कुणाकडून कॅसेट नेली होती काय?"

"नाही."

"म्हणजे परत करण्याचा अनुभव नाही." हेही लिहिलं. "आधारची झेरॉक्स?"

"काका, इथेच बसून ऐकतो. नेत नाही."

"मग जागेवर पंचनामा करावा लागेल. कॅसेट चालू स्थितीत होती की नव्हती, याला दोन पंच लागतात. एक तुम्ही."

"मी कसा पंच? मी तर..." मी आरोपी आहे असं तोंडातून निघणार होतं. इतक्यात दारात गॅसवाला आला. खांद्यावर सिलिंडर.

"दुसरा हा," काका म्हणाले. "ये रे, सही कर."

"कशावर?"

"आधी ऐक, मग कर."

आणि तो बसला! सिलिंडर खाली ठेवून त्यावरच बसला. खाली त्याचा टेम्पो गल्ली अडवून उभा, मागे हॉर्न वाजतायत, आणि हा घाम पुसत मला विचारतोय, "कुणाचा पंचनामा हाय ओ?"

टेपरेकॉर्डर माझाच, पट्टा सैल पडलेला. तो मी आदल्याच दिवशी मारुती रोडवरून दुरुस्त करून आणला होता, माझ्या पदरच्या एकशे ऐंशी रुपयांत. (काकांनी ही रक्कम वहीत लिहिली नाही.) बटण दाबलं. खरखर. मग शिट्ट्या, सायरन, बुटांचा आवाज, मशीनगन! माझ्या अंगावर काटा आला. मागून एक भारदस्त आवाज. हा श्वार्झकॉफ असावा, मी कुजबुजलो. न्यू जर्सी पोलिसांचा प्रमुख, १९३२ साली विमानवीर लिंडबर्गचं बाळ पळवलं त्या तपासातला माणूस. पुढे या मालिकेचा निवेदक झाला. त्याचा मुलगा म्हणजे १९९१ च्या आखाती युद्धातला सेनापती...

"गप बसा की," गॅसवाला म्हणाला. "ऐकू द्या."

त्याला इंग्रजीचा गंध नव्हता, पण त्याने माझ्याआधी सगळं ओळखलं. "ह्यो मोटारवाला फुटलाय बघा त्यांच्यातनं. आवाज बघा कसा खोल गेलाय." दहा मिनिटं आम्ही तिघं श्वास धरून बसलो. पोलीस दार ठोठावतात, आत कुणीतरी पिस्तूल उचलतं, आणि

खट्.

"महादेवाच्या पिंडीला बेल वाहते वाकून..."

टाळ्या. बायकांचं हसणं. कुणीतरी म्हणतंय, अगं जोरात घे, लाजतेस काय.

मी कॅसेट बाहेर काढली. वरच्या कोपऱ्यातली प्लॅस्टिकची पट्टी मुळात मोडलेली होती, कुणी पुसू नये म्हणून कुणा अमेरिकन माणसाने काळजीने मोडलेली. त्या जागेवर सेलोटेप. म्हणजे पुन्हा रेकॉर्ड करायची सोय.

"मीच लावला," आतून काकू म्हणाल्या. "हळदीकुंकवाला कोरी कॅसेट नव्हती. आणि ते ठाण ठाण ऐकून माझं डोकं उठायचं."

मी काका चिडतील म्हणून बघितलं. ते उखाणा ऐकत होते. "हा आमच्या वन्संचा आवाज," काकू म्हणाल्या, आणि दोघं गप्प झाले. आता यावर मी काय बोलणार? चिडायची सोयही ठेवली नाही.

पण चिडलो आहे. नाट्यपंढरी म्हणून मिरवतो आपण सांगलीकर, १८४३ चं 'सीता स्वयंवर' नाटक भाषणात दर वर्षी निघतं. आणि घरातला आवाज मात्र ज्याच्या हाती सेलोटेप त्याचा. किती घरांत जुन्या कॅसेटी विचारल्या मी! सगळीकडे एकच उत्तर: २०१९ च्या पुरात गेलं. गेलं असेल. कृष्णामाई बैठकीच्या खोलीत शिरलेली मीही पाहिली आहे, चिखलात फुगलेली पुस्तकंही उपसली आहेत. पण दुसऱ्या मजल्यावर राहणारेही पुराचंच नाव सांगतात! त्याआधी रद्दीवाल्याला काय दिलं, ते कुणी काढत नाही. आणि जो तो वर सांगतो, यूट्यूबवर असेल की. नाही हो. नाहीये.

"मग खून कुणी केला?" गॅसवाल्याने सही करता करता विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"दुसरी बाजू लावून बघा की. तिकडं दुसरा असंल."

खरंच! लेबलवर दोन भागांची नावं होती. तीस मिनिटांची एक बाजू, एका बाजूला एक भाग. मी हात पुढे केला. काकांनी कॅसेट उचलून वहीखाली ठेवली.

"बी बाजूचा अर्ज वेगळा," ते म्हणाले. "झेरॉक्स आणा. दोन."

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे चार माणसं रांगेत होती. माझा नंबर आला तेव्हा त्याने पुढून-मागून दोन प्रती काढल्या, वीस रुपये घेतले. परत गेलो तर काकांच्या दाराला आतून कडी. काकूंनी खिडकीतून सांगितलं, "झोपलेत. पाचनंतर या. आणि येताना तो भडंग जरा तिखटातला आणा, हा मुलांचा दिसतोय."

पाच वाजून गेलेत.

मी तिखटातला घेतलाय.