काट्यांना पाणी कसं घालावं

ख्रिस्ती विश्वास सोडायचा म्हटलं की फार बोभाटा होतो. चर्चचे पाळकसाहेब घरी येतात, मावशी डोळ्याला पदर लावतात, नागपुरात मोहननगरपासून मेकोसाबागेपर्यंत तुमचंच नाव. त्या भानगडीत पडू नका. याहून सोपी वाट आहे आणि ती बायबलात मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात खुद्द प्रभू येशूनंच सांगून ठेवलीय. पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी म्हणजे देवाचं वचन. त्यातलं वाटेवरचं बी पाखरं टिपतात, खडकाळीवरचं उन्हानं करपतं. ही दोन्ही नुकसानं लगेच दिसतात. काट्यांतलं बी मात्र उगवतं, वाढतं, हिरवं राहतं. त्याला फक्त दाणा धरत नाही. आपल्याला हवी ती हीच जमीन.

विदर्भातल्या माणसाला तण काय ते शिकवायला नको. आठ दिवस झड लागली, डवरा फिरला नाही, निंदणाला बाया मिळाल्या नाहीत, की धुऱ्यावर उभं राहून सोयाबीन कुठलं न् गवत कुठलं ते कळत नाही. सगळंच हिरवंगार. त्यासाठी मालकाला काहीच करावं लागत नाही. ज्यांना काही न करणंही जमत नाही, त्यांच्यासाठी हा लेख.

आधी काटा नीट निवडा. प्रभूनं नावं घेतलीत ती संसाराची चिंता, पैशाचा मोह आणि इतर गोष्टींचा लोभ यांची. या यादीत दारू नाही, जुगार नाही. चिंता हा चांगल्या घरातला काटा आहे. तो कुणी उपटायला येत नाही. म्हणून ज्याला नावं ठेवता येणार नाहीत अशीच चिंता घ्या. पोराची 'नीट'ची परीक्षा, पोरीचं स्थळ, आईचे गुडघे, बेसा रोडच्या प्लॉटचं अडकलेलं आरएल, म्हणजे रिलीज लेटर. 'बावा, लेकरासाठी नाही करायचं तर कोणासाठी?' असं म्हटलं की समोरचा गप्प. लेकरासाठी धावण्यात वाईट काय, हे कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही. म्हणूनच हा काटा इतका छान वाढतो.

त्याला पाणी घालायची उत्तम वेळ म्हणजे कौटुंबिक प्रार्थना. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, रात्रीचे साडेनऊ. सगळे डोळे मिटून बसलेत. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणताच कूलरच्या पंपाचा आवाज बदलतो. अस्सल नागपूरकराला तो डोळे मिटूनही कळतो: टाकीत पाणी नाही. 'आमची रोजची भाकर' येईपर्यंत टाकी भरायची पाळी कुणाची होती याचा निकाल लागलेला असतो. 'आमची ऋणे'पाशी गृहकर्जाचा हप्ता आठवतो. तारीख पाच, खात्यात किती, सोसायटीचा चेक वटला का. एवढ्यात आमेन होतं, आणि ते सर्वांत मोठ्यानं तुम्हीच म्हणता. वा! शेजारच्यांना वाटतं, काय धार्मिक घर आहे.

डोंगरावरचं प्रवचन मात्र जपून वाचा. आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापणी करत नाहीत, तरी त्यांना खायला मिळतं, हे वाक्य आलं की लगेच म्हणा, 'पाखरांना घरभाडं कुठं असतं?' हशा होतो, विषय संपतो. ते ऐकायला कोण बसलं होतं याच्या चौकशीत पडू नका. तिथं गालीलातले कोळी होते, शेतकरी होते, रोजंदारीवर जगणारी माणसं होती. वर रोमी सत्तेचा आणि करांचा भार. उद्या काय खायचं हा त्यांच्यापुढचा खराखुरा प्रश्न होता, आणि 'उद्याची चिंता करू नका' हे त्यांनाच सांगितलं होतं. हे एकदा डोक्यात शिरलं की घरभाड्याचा विनोद जमत नाही.

आता लक्ष उडवण्याकडे वळू. इथं एका जुन्या अपघातापासून धडा घ्या. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात कवी नारायण वामन टिळकांची एका गोऱ्या प्रवाशाशी गाठ पडली. कवितेवरून गोष्टी निघाल्या, त्या धर्मावर गेल्या, शेवटी त्यानं बायबलचा नवा करार त्यांच्या हाती दिला. टिळकांनी तो वाचला आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. दोन माणसं डब्यात नुसती बोलत बसली की प्रकरण कुठवर जातं पाहा! आता तो धोका राहिला नाही. भंडारा रोडपर्यंत रील्स, तुमसरला कुणाशी तरी 'आवाज येतोय का', गोंदियाला चार्जरची शोधाशोध. समोर प्रेषित पौल येऊन बसला तरी आपण एवढंच विचारणार, 'भाऊ, तुमच्याकडे टाइप-सी आहे का?'

मोबाईलचा वापर अधार्मिकच असावा असं काही नाही. पहाटे साडेपाचला कमळाच्या चित्रावरचं वचन अकरा ग्रुपांवर पाठवा. वाचू नका, वाचलं की वेळ जातो. कुणी आजारपण कळवलं तर 'प्रार्थना करतो' असं लिहा, शेजारी जोडलेले हात टाका. काम झालं.

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉपचं नाव मात्र चारचौघांत काढू नका. या माणसानं नागपुरात शाळा चालवली, खेडोपाडी उपदेश केला, गोंडांची भाषा टिपून ठेवली, वर दगड आणि जीवाश्म गोळा केले. हिस्लोपाइट हे खनिजाचं नाव त्याच्यावरूनच पडलं. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला. एवढे उद्योग करूनही त्याच्या विश्वासाला फळ धरलं, हे लोकांना कळलं तर 'वेळच नाही मिळत हो' ही आपली सबब जाईल.

ज्यांना ना चिंता, ना मोबाईल, अशा भाविकांनी सरळ चर्चच्या पंच कमिटीत जावं. बायबलातल्या मार्थेचं तेच तर झालं. प्रभू घरी आलेला आणि ती स्वयंपाकघरात भांडी आपटतेय, वर बहिणीची तक्रारही त्याच्याकडेच. याच शहरात 29 नोव्हेंबर 1970 ला सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्या एक झाल्या आणि उत्तर भारत मंडळी, म्हणजे आपली सीएनआय, उभी राहिली. बोलणी 1929 पासून चालली होती. ती परंपरा आपण निष्ठेनं पाळतो: नाताळच्या मंडपाला निळं कापड की पांढरं, यावर तिसरी मीटिंग चालू आहे. खुर्च्यांवाला कुणाचा मेहुणा, ध्वनिक्षेपक कुणाकडून, स्त्रीसंघाचा स्टॉल गेटपाशी काहून नाही. चोवीस तारखेच्या रात्री उपासनेत तुम्ही मागे जनरेटरजवळ उभे असता. बाळ जन्मलं की नाही ते उद्या कुणाला तरी विचारता येईल. डिझेल पुरेल का, हा आजचा प्रश्न.

तरीही एखाद्या रविवारी पाळकसाहेब नेमका हाच उतारा काढतील. जमीन, बी, काटे. गडबडू नका. हे आपल्या साल्यानं ऐकायला हवं होतं, असं मनाशी म्हणा. मोबाईल गीतांच्या पुस्तकाआड धरा, दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि तिथल्या तिथं त्याला पाठवा. मग उपदेश चालू द्या. त्याच्याकडं दोन निळ्या टिका आल्या की नाही, ते अधूनमधून पाहत राहा.