परक्या देशातली क्षयाची तपासणी : आमच्या कट्ट्यावरचा वाद

आमच्यातला एक जण परदेशातल्या रुग्णालयांमध्ये दुभाष्याचे काम करतो. परवा तो कट्ट्यावर आला आणि बोलणे क्षयरोगावर गेले.

“बाहेरून येणाऱ्यांना तपासून घेणे हा त्या देशाचा हक्कच आहे,” वकील मित्राने ठामपणे मांडले. “ठरावीक देशांतून सहा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी ब्रिटनला जायचे तर व्हिसाआधी छातीचा एक्स-रे काढावाच लागतो. रोग हवेतून पसरतो, मग त्यात अपमान कसला?”

डॉक्टर मैत्रिणीचा तपासणीला विरोध नव्हता. “पण एक्स-रे फक्त आजचे फुप्फुस दाखवतो,” ती म्हणाली. “जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना क्षयाच्या जंतूंचा संसर्ग झालेला असतो. जंतू सुप्त असतात तोवर माणूस आजारी नसतो आणि त्याच्यापासून कोणाला लागणही होत नाही. अशांपैकी 5 ते 10 टक्क्यांना पुढे कधीतरी आजार होतो आणि स्थलांतरितांच्या बाबतीत ती वेळ पुष्कळदा नव्या देशात पोचल्यानंतर येते. तेव्हा त्यांना स्वतःहून दवाखान्यात यावेसे वाटते का, हे विचार.”

“का वाटू नये? तिथे क्षयाचे उपचार, कागदपत्रे कशीही असली तरी, मोफत आहेत.”

“हे त्यांना सांगतो कोण?” दुभाषा मित्र इतका वेळ गप्प होता. त्याने एका बांधकाम मजुराची हकीकत सांगितली. औषध सुरू होताच त्याची लघवी भगवी झाली आणि ते रक्तच आहे असे समजून त्याने गोळ्या बंद केल्या. रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधाने लघवीचा रंग बदलतो, घाबरायचे कारण नाही, एवढे एक वाक्य पुरेसे होते. पण पहिल्या भेटीला दुभाषा नव्हता आणि हातात दिलेले पत्रक त्याला न येणाऱ्या भाषेत होते. खोलीतल्या सहा जणांना कळले तर राहती जागा जाईल, या धास्तीने तो गोळ्यांची पाकिटे मोज्यात गुंडाळून ठेवत असे. पुन्हा आला तेव्हा त्याने आधी विचारले, “हे माझ्या व्हिसाच्या कागदांवर लिहिणार का?”

सुप्त संसर्गाचे काम तर त्याहून अवघड, असे मैत्रीण म्हणाली. क्षयावरची बीसीजी लस घेतलेल्याच्या त्वचेवर चाचणी केली तर ती जागा लसीमुळेही सुजू शकते, म्हणून त्या लसीने न फसणारी रक्ताची इग्रा चाचणी करतात. मात्र ती सकारात्मक आली की ज्याला काहीच होत नाही त्याला तीन-चार महिने गोळ्या घ्यायला राजी करावे लागते, तेही रोजंदारी बुडवून.

“म्हणजे निकाल व्हिसा खात्याला कळूच नये?” वकिलाने विचारले.

“देशात आल्यानंतरच्या तपासणीचा तरी नाही.”

हे त्याला पटले नाही. कायद्याने नोंद लागतेच, असे तो म्हणत राहिला. मला वाटते, रोगाची नोंद आरोग्य खात्याने जरूर ठेवावी, पण परत पाठवले जाण्याची भीती त्या नोंदीला चिकटली की खोकणारा माणूस दवाखाना टाळतो आणि ज्या लागणीला आपण भितो तीच वाढते.

निघताना मी त्या मजुराचे पुढे काय झाले ते विचारले. त्याने सहा महिन्यांचे औषध पुरे केले होते आणि खोलीतल्या दोघांना तपासणीला आणले होते. आत जाण्याआधी त्या दोघांनीही विचारले होते, नाव कुठे लिहिणार?