स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) प्रौढांच्या एकटेपणाविषयी खुलासा

‘स्वमग्न माणसांना एकटेपणा जाणवत नाही, त्यांना त्यांच्या जगात राहू द्यावे,’ असा संदेश सध्या नाशिकमधील अनेक सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे.

या समजाचे मूळ जुने आहे. 1943 मध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 11 स्वमग्न मुलांचे वर्णन करताना एकटे राहण्याकडील ओढ ठळकपणे नोंदवली, आणि ‘स्वमग्न’ या आपल्या शब्दानेही तोच अर्थ घट्ट केला. प्रत्यक्षात एकांत आणि एकटेपणा यांत मोठा फरक आहे: गोंगाटाने थकलेल्या माणसाला एकांत हवासा वाटतो, पण म्हणून त्याला माणसे नकोशी झालेली नसतात.

गेल्या रविवारी गंगापूर रोडवर आम्ही सगळे मिसळ खायला गेलो होतो. स्टीलच्या ताटांचा खणखणाट सुरू होताच माझा सत्तावीस वर्षांचा स्वमग्न भाचा कानांवर हात ठेवून बाहेर गेला. आमची मिसळ संपेपर्यंत तो स्कूटरला टेकून काचेतून आमच्याच टेबलाकडे पाहत होता. याला एकटे राहण्याची आवड कसे म्हणावे?

स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडले की, न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंनी असते. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे कळत नाही, तसेच इतरांनाही तिचे कळत नाही. त्यात चारचौघांसारखे दिसण्यासाठी दिवसभर मुखवटा सांभाळावा लागला, तर भरल्या घरातही माणूस एकटा पडतो. शालेय शिक्षण संपल्यावर आधाराच्या सोयी विरळ होतात, हेही तितकेच खरे कारण आहे.

पुढच्या रविवारी आम्ही सकाळी सातला, गर्दीआधी जाणार आहोत.