खुलासा : टीडीएस मीटरवर युरेनियम दिसत नाही

सोलापुरातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘बोअरचा टीडीएस 900च्या वर गेला म्हणजे पाण्यात युरेनियम आहे.’ (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये.) हे साफ चूक आहे.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते बघतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. क्षार कुठला, हे त्याला कळत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात युरेनियमची मर्यादा लिटरला 0.03 मिलिग्रॅम आहे. 900 मिलिग्रॅममध्ये एवढंसं दिसणार कुठून? आणि टीडीएस कमी आला म्हणून युरेनियम नाही, असंही नसतं.

किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटरही इथे कामाचा नाही. युरेनियममधून निघणारे अल्फा कण पाण्याच्या अगदी पातळ थरातच अडकतात.

एकूण युरेनियम आयसीपी-एमएस या, अणू वजनावरून वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर मोजतात. समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) वेगळी मोजण्याची एक खात्रीची पद्धत म्हणजे अल्फा स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे अल्फा कणांच्या ऊर्जेवरून ओळख. वेगळी मोजायची कारण नैसर्गिक युरेनियमात युरेनियम-234 वजनाने जेमतेम 0.005 टक्के, पण त्याचा किरणोत्सर्ग युरेनियम-238 च्या तोडीचा, भूजलात बऱ्याचदा त्याहून जास्त. या पद्धतीत नमुन्यात सुरुवातीलाच मोजून युरेनियम-232 घालतात. शेवटी ते किती उरलं, त्यावरून प्रक्रियेत किती वाया गेलं ते कळतं. हा हिशेब नसेल तर आकड्यावर विसंबू नये.

नमुना नायट्रिक आम्ल घालून ठेवावा लागतो, नाहीतर युरेनियम बाटलीलाच चिकटतं.

आपल्याकडचा काळा दगड बेसाल्टचा. ग्रॅनाइटपेक्षा त्यात युरेनियम कमी असतं. तरी शंका असेल तर आपल्या बोअरचं पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या, आणि तो मेसेज पुढे पाठवू नका.