२२ फुटांपेक्षा लांब घर

२०१९ च्या उन्हाळ्यात बाबा इकडे अमेरिकेत आले होते, तेव्हा संध्याकाळी त्यांना कॅलिफोर्नियातल्या आमच्या माउंटन व्ह्यू गावाच्या रेंगस्टॉर्फ पार्कला फिरायला न्यायचो. पार्कला लागून रेल्वेच्या कडेने जो रस्ता जातो तिथे जुन्या आरव्हींची, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांची, रांगच असायची, खिडक्यांना पुठ्ठे, टपावर सायकली, एका दारात कुंडी. बाबा म्हणाले, ही मंडळी कुठल्या यात्रेला निघालीत रे? म्हटलं, कुठेच नाही, इथेच राहतात. गूगलचं हेडऑफिस तिथून गाडीने दहा मिनिटांवर.

हे आठवलं आमच्या शाळेच्या ग्रुपमुळे. कोणीतरी दादरच्या फुटपाथवर झोपलेल्या लोकांचा फोटो टाकला आणि नेहमीचं सुरू झालं, उचला यांना, अमेरिकेत असलं काही खपवून घेतात का, तू सांग रे. दरवेळी साक्षीदार मी! तर ऐका, घेतात, आणि मग हाकलतातही, फक्त हाकलताना बरेचदा माणसांचं नावच काढत नाहीत.

नोव्हेंबर २०२० मध्ये इथे माउंटन व्ह्यूत ‘मेझर सी’ नावाचा प्रस्ताव लोकांच्या मतदानाला आला. विषय काय, तर ४० फूट किंवा त्याहून अरुंद रस्त्यांवर मोठं वाहन लावायचं नाही, मोठं म्हणजे २२ फुटांपेक्षा लांब किंवा ७ फुटांपेक्षा रुंद वा उंच. कारण ट्रॅफिक सेफ्टी. गावातले बहुतेक रस्ते त्या मापात बसतात, म्हणजे काय ते समजून घ्या. प्रस्ताव पास झाला, मग कोर्टकचेरी, आणि २०२२ च्या तडजोडीत निदान ३ मैल रस्ते या गाड्यांसाठी ठेवायचं ठरलं.

लॉस एंजेलिसने मात्र १९८३ मध्ये सरळ लिहिलं होतं की गाडीत राहायचं नाही. २०१४ मध्ये अपील कोर्टाने तो नियम उडवला, कारण तो इतका मोघम होता की गाडीत डबा खाणारा कोणीही त्यात सापडला असता. आणि २०२४ मध्ये ओरेगॉनमधल्या ग्रँट्स पास गावाच्या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ असं म्हटलं की उघड्यावर झोपल्याबद्दल दंड करणं ही काही घटनेत बंदी असलेली क्रूर शिक्षा नाही, मग झोपायला दुसरी जागा असो नसो.

आपल्याकडे १९८१ मध्ये अंतुले सरकारने फुटपाथवाल्यांना हटवायचं काढलं, पत्रकार ओल्गा टेलिस कोर्टात गेल्या आणि १९८५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की जगण्याच्या हक्कात पोटापाण्याचा हक्कही आला. त्याच निकालाने रीतसर नोटीस देऊन हटवायची मुभाही दिली, ते विसरून चालणार नाही. पण निदान वाद माणसांवर झाला, वाहनाच्या लांबीवर नाही.

मी काही संत नाही हां. आमच्या गल्लीत एक आरव्हीवाला रात्रभर जनरेटर लावायचा, कधी घाण पाणी गटारात सोडायचा, तेव्हा मीही शिव्या घातल्यात. तक्रार खोटी नव्हती. पण तो माणूस पहाटे पाचला हॉटेलच्या किचनमध्ये कामाला जायचा, त्याला हाकलला असता तर पुढच्या गल्लीत गेला असता, आणखी काय?

म्हणून मला सेफ पार्किंग बरं वाटतं. सांता बार्बराने २००४ पासून रात्री पार्किंग लॉट उघडून द्यायला सुरुवात केली, माउंटन व्ह्यूनेही काही लॉट दिलेत. संडास, कोणीतरी चौकशी करणारं माणूस, रात्रीची निवांत झोप. अर्थात जागा मोजक्या, आणि गाडीचे कागद पूर्ण नसले की बऱ्याच ठिकाणी दार बंद. मुंबईत टॅक्सीतच झोपणाऱ्या ड्रायव्हरांसाठी एवढं तरी आपण कुठे केलंय?

बाबांना मात्र यात फारसं नवल वाटलं नाही. गिरगावात उन्हाळ्यात निम्मी चाळ वळकटी घेऊन रस्त्यावर झोपायची, म्हणाले. मी ग्रुपवर हे सगळं लिहून आरव्हींचा फोटो टाकला. खूप वेळ कोणी बोललं नाही, मग एकाने विचारलं, याला भाडं किती पडतं रे? आता याला काय सांगू, इथे जुन्या आरव्ही भाड्याने देणारेही आहेत, लोक त्यांना व्हॅनलॉर्ड म्हणतात.