पुनर्बांधणीची वर्षे कोणाच्या आयुष्यातून वजा होतात?

या हिवाळ्यात डेट्रॉईट टायगर्स या बेसबॉल संघाचे चाहते जेथे भेटतील तेथे एकाच गोष्टीवर वाद चालू आहे: टॅरिक स्कुबलला आत्ताच दुसऱ्या संघाला देऊन टाकावे की नाही. स्कुबलने २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे अमेरिकन लीगमधील सर्वोत्तम पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, साय यंग पुरस्कार मिळवला आहे. टायगर्सचा त्याच्यावरील हक्क २०२६ च्या हंगामानंतर संपतो. त्यानंतर तो स्वतःच्या मर्जीने कोठेही जाऊ शकतो आणि मग आपल्या हाती फारसे काही लागणार नाही, म्हणून आजच सौदा करून बदल्यात तीन-चार होतकरू तरुण घ्यावेत, असे म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा आहे. हा युक्तिवाद मला तोंडपाठ आहे, कारण २०१७ साली मी स्वतः तो हिरिरीने मांडत होते. आज मी त्याच्या विरोधात का आहे, ते सविस्तर लिहावेसे वाटले.

बेसबॉल न पाहणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी एवढे सांगते की येथे आयपीएलसारखा लिलाव नसतो. एक संघ आपला खेळाडू चालू हंगामातसुद्धा दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात त्याचे खेळाडू घेऊ शकतो, आणि बहुतेक खेळाडूंना त्याबाबत विचारलेही जात नाही. संघ उतरणीला लागला की अनुभवी, महागडे खेळाडू असे देऊन टाकायचे, मायनर लीगमधील, म्हणजे खालच्या पातळीवरील, तरुण गोळा करायचे आणि काही वर्षे हरत राहायचे, या धोरणाला येथे ‘रीबिल्ड’, म्हणजे पुनर्बांधणी, म्हणतात. हरण्याचा एक फायदाही असतो: तळाच्या संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये नवोदित खेळाडू आधी निवडता येतात.

मी २००६ च्या उन्हाळ्यात मिशिगनला आले. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी होती आणि फार्मिंग्टन हिल्समध्ये भाड्याचे घर. शेजारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत असत. माझी मुले पुढे त्यांना आजोबाच म्हणू लागली, म्हणून मीही येथे तसेच म्हणते. संध्याकाळी ते अंगणात खुर्ची टाकून रेडिओवर टायगर्सचा सामना ऐकत आणि मांडीवरील वहीत पेन्सिलीने काहीतरी लिहीत. पुण्यात लहानपणी बाबांबरोबर रेडिओला कान लावून क्रिकेटचे समालोचन ऐकलेले असल्यामुळे मला त्या दृश्याची ओढ लागली. ते लिहीत होते ती धावपत्रिका होती. प्रत्येक बॅटरसाठी एक चौकोन, क्षेत्ररक्षकांना एक ते नऊ असे क्रमांक, शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला तर ‘६-३’, आणि पिचरने फलंदाजाला तीन स्ट्राइकवर बाद केले (म्हणजे स्ट्राइकआउट) तर चौकोनभर मोठा ‘के’. मी खेळ शिकले तो त्या वहीतून.

त्या वर्षी व्हर्लँडर तेवीस वर्षांचा होता. जस्टिन व्हर्लँडरला टायगर्सने २००४ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडले होते, तेही संघाने २००३ मध्ये ११९ सामने हरण्याचा लाजिरवाणा विक्रम केल्यानंतर. २००६ मध्ये तो वर्षातील सर्वोत्तम नवोदित ठरला आणि संघ थेट वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, गेला. १२ जून २००७ रोजी त्याने कोमेरिका पार्क या टायगर्सच्या मैदानावर मिलवॉकीला एकही हिट (फटका मारून बेस गाठणे) मिळू दिली नाही. त्या रात्री आजोबांनी शेवटचे तीन चौकोन भरताना रेडिओचा आवाज कमी केला होता, का ते मला कधीच कळले नाही. २०११ मध्ये २४ विजय, २५० स्ट्राइकआउट, साय यंग आणि शिवाय लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा मान. पिचरला तो क्वचितच मिळतो. २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या, आमच्या कंपनीत दर शुक्रवारी कोणाचे टेबल रिकामे होणार याची कुजबुज चाले, आणि २०१३ मध्ये खुद्द डेट्रॉईट शहराने दिवाळखोरी जाहीर केली. त्या सगळ्या वर्षांत दर पाचव्या दिवशी, व्हर्लँडरची पाळी आली की, त्याची पस्तीस क्रमांकाची जर्सी मैदानावर येत असे आणि तेवढ्या संध्याकाळी या शहराला आपण कोणापेक्षाही कमी नाही असे वाटे. हे मी भाबडेपणाने लिहीत नाही. ज्यांनी ती वर्षे येथे काढली त्यांना हे ठाऊक आहे.

फेब्रुवारी २०१७ मध्ये मालक माइक इलिच वारले. वर्ल्ड सिरीज जिंकायचीच, या ध्यासाने त्यांनी संघावर अतोनात पैसा ओतला होता. ते गेले, संघाचे वय वाढले होते, सामने हरू लागले आणि जुलैपासून विक्री सुरू झाली. जे. डी. मार्टिनेझ अ‍ॅरिझोनाला गेला. जनरल मॅनेजर अल अविला यांनी तर स्वतःच्या मुलाला, कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) असलेल्या अ‍ॅलेक्सला, शिकागो कब्जकडे पाठवले. ३१ ऑगस्टला दुपारी जस्टिन अपटन गेला आणि त्याच रात्री, मध्यरात्रीची मुदत संपायला अगदी क्षण उरले असताना, व्हर्लँडर ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजकडे गेला. ट्रेडला नकार देण्याचा हक्क त्याच्याकडे होता. त्याने होकार दिला. बदल्यात फ्रँक्लिन पेरेझ हा पिचर, डॅझ कॅमेरन हा आउटफिल्डर आणि जेक रॉजर्स हा कॅचर असे तीन तरुण मिळाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कुंपणापाशी उभी राहून आजोबांना समजावत होते. व्हर्लँडर चौतीस वर्षांचा आहे, त्याचा पगार वर्षाला २ कोटी ८० लाख डॉलर आहे, संघ कसाही हरणारच आहे, मग आज त्याची किंमत येते आहे तोवर ती घेणे हाच शहाणपणा, पाच वर्षांनी आपण पुन्हा वर येऊ. नोकरीत ‘पुनर्रचना’ हा शब्द इतक्या वेळा ऐकला होता की तीच भाषा माझ्या तोंडून बाहेर पडत होती. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “तू म्हणतेस ते बरोबर असेल. पण पाच वर्षे तुझ्याकडे आहेत.”

त्या महिन्यात व्हर्लँडरने ह्यूस्टनसाठी पाच सामने टाकले आणि पाचही जिंकले. १ नोव्हेंबरला अ‍ॅस्ट्रोज वर्ल्ड सिरीज जिंकले. (त्या हंगामात अ‍ॅस्ट्रोजने प्रतिस्पर्ध्यांच्या कॅचरने पिचरला केलेल्या गुप्त खुणा चोरल्याचे दोन वर्षांनी उघड झाले, तो विषय वेगळा आहे.) सप्टेंबर २०१८ मध्ये तो ह्यूस्टनच्या जर्सीत कोमेरिका पार्कमध्ये आला तेव्हा सगळे स्टेडियम त्याच्यासाठी उभे राहिले. मीही उभी होते. आजोबा माझ्याबरोबर होते. त्यांनी त्याचे ‘के’ पाहुण्या संघाच्या रकान्यात लिहिले.

इकडे टायगर्स २०१८ मध्ये ९८ सामने हरले आणि २०१९ मध्ये ११४. २०१७ मध्ये तेवीस लाखांवर असलेली प्रेक्षकसंख्या दोन वर्षांत पंधरा लाखांवर आली. तिकीट स्वस्त झाले नव्हते, पार्किंगही नाही. संघाकडून ऐकू येई ते एवढेच, की धीर धरा, प्रक्रियेवर विश्वास ठेवा. किती काळ, कोणत्या टप्प्याने, कशावरून समजायचे की आपण पुढे चाललो आहोत, हे कोणी सांगत नव्हते. २०२० च्या फेब्रुवारीत आजोबा गेले. १९६८ आणि १९८४ अशी दोन विजेतेपदे पाहिलेल्या माणसाने पूर्ण लिहिलेला शेवटचा हंगाम ११४ पराभवांचा होता. ती वही त्यांच्या मुलीने मला दिली. ऑगस्टपासूनच्या पानांवर अक्षर थरथरलेले आहे, पण एकही सामना सुटलेला नाही.

म्हणून मला २०२४ च्या ऑक्टोबरबद्दल सावधपणे लिहावे लागते. त्या वर्षी १० ऑगस्टला टायगर्स ५५ विजय आणि ६३ पराभव अशा अवस्थेत होते. तेथून त्यांनी ४४ पैकी ३१ सामने जिंकून दहा वर्षांनी पहिल्यांदा पोस्टसीझन, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी, गाठला आणि पहिली मालिका नेमकी ह्यूस्टनमध्ये पडली. पहिल्या सामन्यात स्कुबलने सहा इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही. त्याचे चेंडू घेत होता जेक रॉजर्स, व्हर्लँडरच्या बदल्यात आलेला तोच मुलगा. आपल्या डगआउटमध्ये मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, होते ए. जे. हिंच, जे २०१७ मध्ये अ‍ॅस्ट्रोजचे मॅनेजर होते. आणि पुन्हा ह्यूस्टनला परतलेला एकेचाळीस वर्षांचा व्हर्लँडर त्या मालिकेच्या संघातच नव्हता. दुसऱ्या दिवशी आठव्या इनिंगमध्ये अँडी इबान्येझने तिन्ही बेस भरलेले असताना डबल मारला आणि मालिका संपली. मी दिवाणखान्यात एकटी ओरडत होते. धाकट्याने येऊन विचारले, “आई, रडतेस का हसतेस?”

दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच वाक्य सुरू झाले: बघा, तेव्हाचा सौदा शेवटी फळला. ही गोष्ट ऐकायला गोड आहे आणि ती चुकीची आहे. त्या सौद्यातील सर्वांत मोठे नाव असलेला फ्रँक्लिन पेरेझ दुखापतींतून कधी वर आलाच नाही आणि टायगर्सच्या मुख्य संघाकडून एकही चेंडू टाकू शकला नाही. कॅमेरनला संघाने काही वर्षांत सोडून दिले. उरला रॉजर्स, चांगला, मेहनती कॅचर. पराभवांच्या बदल्यात मिळालेल्या निवडींचेही तसेच. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच क्रमांकावर केसी माइझ मिळाला. तो गुणी आहे, पण शस्त्रक्रियांमुळे त्याची दोन वर्षे जवळजवळ वाया गेली. आणि स्कुबल? त्याच वर्षीचा, पण नवव्या फेरीतला. कॉलेजमध्ये कोपराची शस्त्रक्रिया झालेला, बहुतेक संघांनी दुर्लक्षिलेला मुलगा. कठीण प्रसंगी होम रन मारणारा केरी कार्पेंटर एकोणिसाव्या फेरीतला आहे. नवव्या आणि एकोणिसाव्या फेरीतील खेळाडू मिळवण्यासाठी ११४ सामने हरावे लागत नाहीत. ते सगळ्यांच्या समोर असतात. त्यांना ओळखणारी नजर आणि घडवणारे प्रशिक्षक मात्र लागतात, आणि आमच्याकडे ही घडण नीट बसली ती हिंच आणि पिचिंग प्रशिक्षक ख्रिस फेटर आल्यावर, आणि पुढे २०२२ मध्ये अविला यांना काढून स्कॉट हॅरिस यांच्याकडे सूत्रे दिल्यावर. म्हणजे आम्ही वर आलो ते शिकवण्यात सुधारणा झाल्यामुळे. मधल्या पराभवांनी फक्त आमची वर्षे घेतली. मुद्दाम तळाला राहण्याचा हा मोह लीगलाही शेवटी मान्य करावा लागला. २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा निवडी सोडतीने ठरतात.

व्हर्लँडरला देणे ही चूक होती असे मी आजही म्हणत नाही. तो जिंकण्यासाठी भुकेला होता आणि आपण त्याला जिंकून देऊ शकत नव्हतो. माझी तक्रार त्यानंतरच्या वर्षांबद्दल आहे. संघ चाहत्यांकडे धीर मागतो तेव्हा तो खरे तर त्यांच्या आयुष्यातील वर्षे मागत असतो, आणि सगळ्यांकडे ती सारखी नसतात. तिशीतल्या इंजिनिअरने पाच वर्षे देणे आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाने देणे यांत फार अंतर आहे, हे मला त्या कुंपणापाशी कळायला हवे होते.

आता स्कुबल. २०१७ चा टायगर्स उतरणीला लागलेला, थकलेला संघ होता. आजचा संघ सलग दोन वर्षे पोस्टसीझनमध्ये खेळला आहे. १० ऑक्टोबर २०२५ ला सिअ‍ॅटलमध्ये निर्णायक पाचव्या सामन्यात स्कुबलने सहा इनिंगमध्ये तेरा जणांना स्ट्राइकआउट केले, त्यांपैकी सात ओळीने. मी आजोबांच्या वहीच्या उरलेल्या पानांवर तेरा ‘के’ लिहिले. सामना नेहमीच्या नऊऐवजी पंधरा इनिंग, जवळजवळ पाच तास चालला आणि आपण ३-२ असे हरलो. त्या पानाचे रकाने अपुरे पडले, म्हणून शेवटच्या इनिंग्ज समासात लिहिल्या आहेत. जो संघ एका धावेने मागे राहिला, त्याने आपला सर्वोत्तम पिचर विकून पुन्हा तरुणांची वाट पाहावी, या म्हणण्यात मला दूरदृष्टी दिसत नाही. तो २०२६ नंतर गेला तर जाईल. त्या बदल्यात काहीच मिळाले नाही असे हिशेबनीस म्हणतील, पण मला आणि माझ्या मुलांना एक पूर्ण हंगाम मिळालेला असेल, दर पाचव्या दिवशी जिंकण्याच्या खऱ्या आशेने टीव्हीपुढे बसण्याचा. त्याची किंमत ड्राफ्टच्या तक्त्यात मांडता येत नाही म्हणून ती नाही असे होत नाही. आणि इलिच कुटुंबाने त्याला थांबवण्यासाठी खरोखर मोठा करार पुढे केला तर त्याहून उत्तम. पैसा आहे की नाही यापेक्षा इच्छा आहे की नाही हा प्रश्न मला अधिक खरा वाटतो.

मिशिगनमधील मराठी मंडळींपैकी जे टायगर्स पाहतात त्यांनी आपले मत जरूर लिहावे. विरोधी असले तरी वाचेन आणि उत्तर देईन. माझे ठरले आहे. नव्या हंगामासाठी वीस सामन्यांची तिकिटे घेतली आहेत. स्कुबल येथे राहिला तर विसाही सामन्यांना वही घेऊन जाईन. हंगाम सुरू होण्यापूर्वी त्याला दिले, तर ती तिकिटे संघाला परत करीन आणि सोबतच्या पत्रात २०१९ मधील ११४ पराभवांची ती पाने, थरथरत्या अक्षरासकट, छायाप्रत काढून जोडीन.